घांसावें, झांकावें, वाजवावें

इंग्लंडांतील ऑक्सफर्ड शहरापासून नैर्ऋत्येस सुमारें वीस मैलांवर खडूच्या टेकड्यांची एक लांबलचक रांग पसरली आहे. पूर्वीं फळ्यावर लिहावयाचा खडू ज्या मऊ, पांढऱ्या दगडाचा करीत, त्याच दगडाच्या या टेकड्या. त्यांवर मातीचा पातळ थर आणि त्या थरावर दाट, आंखूड गवत. अफिंग्टन नांवाच्या खेड्याजवळच्या अशाच एका टेकडीच्या माथ्यालगत, हिरव्या उतारावर, एक पांढरा घोडा धांवत आहे. डोक्यापासून शेंपटीपर्यंत तो सुमारें ३६० फूट लांब भरतो. परंतु त्याचें सारें अंग मोजक्या वळणदार रेघांत आटोपलें आहे. शेंपूट, पाठ आणि मान यांची मिळून एकच लवचिक रेघ. चारांपैकीं दोन पाय धडापासून सुटे. तोंड पक्ष्याच्या चोंचीसारखें. आणि डोळ्याच्या जागीं एक ठिपका. गवत व माती खणून काढून, उघड्या पडलेल्या चरांत ठेंचलेला खडू भरून हें चित्र काढलेलें आहे. जमीन हाच त्याचा कागद.

त्याच ऑक्सफर्ड शहरांत १६८३ सालीं उघडलेलें अ‍ॅश्मोलिअन नांवाचें वस्तुसंग्रहालय आहे. तेथें टर्नर या प्रख्यात इंग्रज चित्रकाराचीं जलरंगांतील चित्रें आहेत. परंतु तीं नेहमीं भिंतीवर टांगलेलीं नसतात, बहुतेक काळ पेट्यांत मिटून ठेवलेलीं असतात. त्याच संग्रहालयांत कांचेच्या कपाटामध्यें १७१६ सालचें एक व्हायोलिन ठेवलेलें आहे. तीनशें वर्षें उलटलीं तरी त्याचें रोगण नव्यासारखें तुकतुकीत आहे, आणि तें वाजविलें जात नाहीं.

एक आकृति जमिनीवरची, दुसरी कागदावरची आणि तिसरी लांकडाची. या तिन्हींत साम्य काय, असें कोणी विचारील. घडविणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर साम्य फारसें नाहीं. परंतु कलावंताचा हात थांबल्यावर त्याच्या कृतीचें पुढें काय होतें, हा प्रश्न विचारला, म्हणजे तिघींची जात एकच ठरते. पाषाणाची मूर्ति शेंकडों वर्षें मातीखालीं पडून राहिली तरी पुन्हां वर काढतां येते. या तिघींचें तसें नाहीं. त्यांना प्रत्येक पिढींत कोणाचा तरी हात लागतो. आणि तो हातहि प्रत्येकीस निराळ्या रीतीचा लागतो. घोडा घांसावा लागतो, जलचित्र झांकावें लागतें आणि वाद्य वाजवावें लागतें. कलेच्या इतिहासांत कर्त्यांचीं नांवें पुष्कळ येतात. राखणाऱ्यांचीं क्वचितच येतात. वास्तविक रसिकतेचा अर्धा इतिहास या राखणाऱ्यांचाच आहे.

प्रथम घोड्याची हकीकत. तो कोणी काढला याविषयीं लोकांत दोन कथा प्रचलित होत्या. एक अशी कीं, राजा आल्फ्रेड यानें ८७१ सालीं डेन लोकांचा पराभव केला, त्या जयाचें स्मारक म्हणून हा घोडा खोदविला. दुसरी कथा अधिक भाबडी : सेंट जॉर्जनें जवळच्याच एका लहान टेकडीवर अजगरासारखा राक्षसी प्राणी मारिला, त्याचें रक्त जेथें सांडलें तेथें अजून गवत उगवत नाहीं, आणि वरचा घोडा हा त्या वीराचाच. दोन्ही कथा मोठ्या गोड. परंतु दोन्ही खऱ्या नव्हेत. १९९० सालीं पुरातत्त्वज्ञांनीं घोड्याच्या अंगावर कांहीं चर घेतले, तेव्हां असें आढळलें कीं पांढरी रेघ ही नुसती वरवर खरवडलेली नसून, सुमारें हातदीड हात खोल चरांत खडू ठासून भरलेला आहे. त्या चरांतील मातीचें वय काढण्याची युक्तीहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वाळूच्या कणांवर शेवटचें ऊन कधीं पडलें, हें त्या कणांत सांठलेल्या शक्तीवरून प्रयोगशाळेंत मोजतां येतें. या रीतीनें हिशेब केला असतां घोड्याचा जन्म ख्रिस्तपूर्व १३८० ते ५५० या कालखंडांत पडतो. म्हणजे आल्फ्रेड राजा जन्मास येण्यापूर्वीं हा घोडा निदान चौदाशें वर्षें त्या उतारावर धांवत होता.

परंतु खरें आश्चर्य त्याच्या वयांत नाहीं. तें त्याच्या टिकण्यांत आहे. खडूवर गवत चढावयास फार काळ लागत नाहीं. पावसानें वरची माती घसरते, कडेचें गवत दरवर्षीं बोट बोट आंत सरकतें, आणि थोड्याच वर्षांत पांढरी रेघ हिरवी होते. तेव्हां अडीच-तीन हजार वर्षें हा घोडा दिसत राहिला याचा अर्थ एवढाच कीं, सुमारें शंभर पिढ्यांनीं, मध्यें मोठा खंड पडूं न देतां, त्याचें गवत काढिलें व त्यावर नवा खडू टाकला. या काळांत त्या प्रदेशावर रोमन आले, सॅक्सन आले, नॉर्मन आले. भाषा बदलली, देव बदलले, जमिनीचे धनी बदलले. ज्या हेतूनें पहिल्या लोकांनीं घोडा काढला तो हेतु तर केव्हांच विसरला गेला. देवतेचें चिन्ह असेल, टोळीचें निशाण असेल. आज तें कोणासहि ठाऊक नाहीं. तरीहि घांसणें थांबलें नाहीं. अकराव्या शतकांतील मठाच्या दप्तरांत त्या टेकडीचा ‘पांढऱ्या घोड्याची टेकडी’ असा उल्लेख आहे, तो याच अखंड सेवेमुळें.

ही सेवा रडतखडत होत असेल असें मात्र समजूं नये. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील वर्णनांवरून दिसतें कीं घोडा घांसण्याचा दिवस हा पंचक्रोशीचा उत्सव होता. गांवोगांवचे लोक फावडीं घेऊन जमत. काम उरकलें म्हणजे टेकडीवरील जुन्या तटबंदीच्या आंत जत्रा भरे. कुस्त्या होत, शर्यती होत, लांकडी सोट्यांचे सामने होत. शेजारच्या खोल दरींत चीझचा गोल गडगडत सोडून त्याच्यामागें तरुण धांवत. १८५७ सालचा असा एक उत्सव टॉमस ह्यूज या लेखकानें पाहिला व १८५९ सालीं त्यावर एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. श्रम आणि सण यांची गांठ जुन्या लोकांनीं किती शहाणपणानें घातली होती, हें त्यावरून कळतें. आपल्याकडील बैलपोळ्याच्या दिवशीं बैलाचें अंग घासून-पुसून त्याला सजविणाऱ्या शेतकऱ्यास हें शहाणपण निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

जेथें ही गांठ सुटली तेथें काय झालें याचेंहि उदाहरण जवळच आहे. वॉरिकशायर परगण्यांत टायसो गांवीं तांबड्या मातींत काढलेला एक घोडा होता. त्याचीहि वार्षिक साफसफाई होत असे. पुढें जमिनीची वांटणी झाली, चालरीत मोडली, आणि घोडा गवताखालीं गडप झाला. आज ‘तांबड्या घोड्याचें खोरें’ हें नांव तेवढें शिल्लक आहे, घोडा नाहीं. विल्टशायरमधील वेस्टबरीच्या घोड्याची कथा वेगळी. तो १७७८ सालीं एका कारभाऱ्यानें आपल्या समजुतीप्रमाणें नव्यानें कापला. त्यापूर्वींचा घोडा त्यांत नाहींसा झाला. पुढें विसाव्या शतकांत, दरवर्षींची कटकट नको म्हणून, त्यावर काँक्रीट घालून पांढरा रंग दिला. म्हणजे एका ठिकाणीं हयगय नडली, तर दुसऱ्या ठिकाणीं सुधारणा. अफिंग्टनच्या घोड्यावर मात्र आजहि उन्हाळ्यांत साधे लोक गुडघे टेकून बसतात आणि हातांतल्या हातोड्यानें ताज्या खडूचे खडे ठेंचून बसवितात. राष्ट्रीय निधि-संस्थेनें बोलाविलेले हे स्वयंसेवक असतात. एवढी काळजी घेऊनहि कडेचें गवत सरकतच होतें. कांहीं ठिकाणीं रेघ मूळच्या निम्म्या रुंदीवर आली असल्याचें विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून ध्यानीं आलें, आणि २०२४ सालीं पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखालीं त्या कडा पुन्हां मोकळ्या करण्यांत आल्या.

आज वर दिसणारा खडू मूळ कर्त्याच्या हातचा नाहीं. तरी घोडा तोच आहे. गंगेचें पाणी रोज बदलतें म्हणून गंगा बदलत नाहीं, तसाच हा प्रकार.

या घोड्यापासून जलरंगाकडे नेणारी वाटहि त्याच टेकडीवरून जाते. १९३९ सालीं एरिक रॅव्हिलियस नांवाचा छत्तीस वर्षांचा चित्रकार दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर हिंडून तेथील आकृत्यांचीं चित्रें जलरंगांत काढीत होता. विल्मिंग्टनचा दंडधारी पुरुष, वेस्टबरीचा घोडा आणि अफिंग्टनचा घोडा हे तिन्ही त्यानें रंगविले. अफिंग्टनच्या चित्रांत घोडा पूर्ण उलगडलेला नाहीं. टेकडीच्या पायथ्यावरून पाहणाऱ्यास तो जसा तिरपा, आखडलेला दिसतो तसाच त्यानें दाखविला आहे. त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. शत्रूच्या वैमानिकांस वाट ओळखण्याची खूण मिळूं नये म्हणून घोड्यावर गवताचीं ढेंकळें व फांद्या पसरून तो झांकून टाकण्यांत आला. घोडा झांकलेला असतांनाच त्याच्या चित्रकाराचा अंत झाला : युद्धचित्रकार म्हणून आइसलंडला गेलेला रॅव्हिलियस २ सप्टेंबर १९४२ रोजीं एका हरवलेल्या विमानाच्या शोधास निघालेल्या विमानांत बसला; तें विमान परत आलें नाहीं. युद्ध संपल्यावर घोडा पुन्हां मोकळा झाला. चित्रकाराचें पातळ रंगांतील चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत राहिलें.

परंतु राहिलें म्हणजे कसें राहिलें? जलरंगाची घडण समजल्याशिवाय या प्रश्नाचें गांभीर्य कळणार नाहीं. तैलचित्रांत रंगाची पूड तेलांत कालविलेली असते. तेल सुकून तिच्याभोंवतीं टणक कवच होतें. जलरंगांत पुडीला धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, आणि तोहि अगदीं थोडा. पुष्कळ पाण्यांत सोडलेला रंग कागदावर इतका पातळ बसतो कीं खालच्या कागदाचा पांढरेपणा त्यांतून चमकतो. जलचित्रांतील प्रकाश हा रंगाचा नसून कागदाचा असतो. पहांटेचें धुकें, पावसानंतरचें आकाश, पाण्यावरील सांज हीं या माध्यमास सहज साधतात, याचें कारण हेंच. परंतु जें त्याचें सौंदर्य तेंच त्याचें दौर्बल्य. त्या पातळ थरास उजेड सोसत नाहीं. किरमिजी किड्यांपासून काढलेला तांबडा, निळीचा निळा, झाडाच्या चिकापासून मिळणारा पिंवळा, असे कित्येक जुने रंग सूर्यप्रकाशांत उडून जातात. हिरव्या रंगांतील पिंवळा आधीं विरला म्हणजे झाडें निळीं होतात; जांभळ्यांतील तांबडा विरला म्हणजे संध्याकाळचे ढग राखी पडतात. पाहणाऱ्यास वाटतें, चित्रकारानें तसेंच काढलें असेल.

टर्नर याचा जन्म १७७५ सालचा व मृत्यु १८५१ सालचा. क्षणिक प्रकाश पकडण्याच्या नादांत रंग टिकाऊ आहे कीं नाहीं याची त्यानें फारशी पर्वा केली नाहीं. असें सांगतात कीं, त्याला रंग पुरविणाऱ्या विन्सर या व्यापाऱ्यानें एकदां याबद्दल हटकलें, तेव्हां ‘तुमचें काम रंग करण्याचें, तो वापरण्याचें माझें’ अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. कलावंताचा हा बेदरकारपणा क्षम्य असेल. परंतु त्याचें ऋण पुढील पिढ्यांना फेडावें लागलें. रस्किन या टीकाकारानें १८६१ सालीं टर्नरच्या जलचित्रांचा आपला संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठास दिला. हीं चित्रें उन्हांत टांगूं नयेत, मिटून ठेवावींत व पाहावयाच्या वेळीं बाहेर काढावींत, हा त्याचा सततचा आग्रह होता. त्याचें म्हणणें सर्वांस पटलें होतें असें नाहीं. १८८६ सालीं लंडनच्या वृत्तपत्रांतून यावर मोठा वाद झाला. तेव्हां सरकारनें रसेल व अ‍ॅब्नी या दोन शास्त्रज्ञांकडे चौकशी सोंपविली. त्यांनीं कागदावर रंगाचे पट्टे ओढून ते कांचेच्या नळ्यांत घालून महिनोमहिने उजेडांत ठेविले व १८८८ सालीं अहवाल सादर केला. बरेच रंग उजेडानें खरोखरच विटतात. हवा व ओल काढून घेतली तर त्यांतील बहुतेक टिकतात. आणि प्रकाशाच्या निळ्या बाजूचे किरण अधिक घातक असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या वादांत आतांपर्यंत अभिरुचीच बोलत होती त्यांत प्रथमच मापें बोललीं.

या ज्ञानाचा सर्वांत सुंदर उपयोग स्कॉटलंडांत दिसतो. हेन्री व्हॉन या लंडनच्या संग्राहकानें मरतांना टर्नरचीं ३८ जलचित्रें एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहास दिलीं; तीं तेथें १९०० सालीं पोंचलीं. अट अशी कीं, तीं सर्व एकत्र, विनामूल्य, परंतु केवळ जानेवारी महिन्यांत दाखवावींत. उत्तरेकडील देशांत जानेवारीचा उजेड वर्षांतला सर्वांत मंद. उरलेले अकरा महिने चित्रें अंधारांत. ही अट शंभराहून अधिक वर्षें पाळली गेली, आणि त्या चित्रांचे रंग आजहि टवटवीत आहेत. कोणास वाटेल, अकरा महिने झांकून ठेवणें म्हणजे रसिकांचा उपमर्द. पण अनुभव उलट आहे. ऐन हिवाळ्यांत एडिंबरोचे लोक मुलाबाळांसह तीं पाहावयास जातात, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां जातात. सदैव समोर टांगलेल्या चित्राकडे माणूस पाहीनासा होतो. वर्षांतून एकदां उघडणाऱ्या चित्राचा सण होतो. मराठी घरांतील गणपति दहा दिवसांचा असतो म्हणूनच त्याचें येणें डोळ्यांत भरतें, हा अनुभव येथें स्मरावा.

जलरंगाची ही नाजूक विद्या मराठी चित्रकारांसहि परकी राहिली नाहीं. सावंतवाडीकडून मुंबईस आलेले सावळाराम हळदणकर यांनीं १९४५-४६च्या सुमारास रंगविलेलें, ज्योत ओंजळीनें झांकून उभ्या असलेल्या स्त्रीचें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. तें पाहणारे पुष्कळ लोक त्यास तैलचित्र समजतात. बोटांच्या कडांतून झिरपणारा तो तांबूस प्रकाशहि पाण्यांतच कालविलेला आहे; म्हणजे त्यासहि तीच जपणूक हवी.

चित्राला अंधार मानवतो. आतां ज्या वस्तूला अंधारकोठडी मानवत नाहीं तिच्याकडे वळावें. अ‍ॅश्मोलिअनमधील तें व्हायोलिन इटलीच्या उत्तरेस पो नदीकांठीं वसलेल्या क्रेमोना गांवीं घडलें. सोळाव्या शतकांत तेथें आंद्रेआ आमाती यानें व्हायोलिन व त्याच्या जातीचीं मोठीं वाद्यें यांस जें रूप दिलें तें आजहि वाद्यवृंदांत जवळजवळ तसेंच आहे : सर्वांत लहान व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा व्हायोला, आणि गुडघ्यांत धरून वाजवावयाचा चेलो. पुढची फळी देवदाराच्या जातीच्या स्प्रूस लांकडाची, पाठ व बाजू मेपलच्या. दोन्ही फळ्यांच्या मध्यें, घोडीच्या एका पायाखालीं, लांकडाची एक बारीक काठी उभी असते. ती चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेंच जागीं राहते. ती केंसभर हलली तर सारा आवाज बदलतो. इटालियन व फ्रेंच भाषांत त्या काठीस ‘आत्मा’ असें नांव आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हें वाद्य सरसानें जोडलेलें असतें, आणि सरस ऊबेनें व ओलाव्यानें सुटतो. भेग पडली, कीड लागली, तर कारागीर पातळ सुरीनें फळी अलगद उघडतो, आंतील दुरुस्ती करतो व पुन्हां चिकटवितो. म्हणजे ज्यांनीं हें वाद्य योजलें त्यांनीं पुढील शतकांतील दुरुस्ती करणाऱ्याचा विचार आधींच करून ठेविला होता. अफिंग्टनच्या घोड्याप्रमाणेंच राखण ही या वस्तूच्या घडणींतच आहे.

परंतु वाद्याइतकीच त्याची विद्याहि राखावी लागते. १६३० सालच्या प्लेगच्या साथींत आमाती घराण्यांतील जिरोलामो वारला. त्याचा मुलगा निकोलो तेवढा ती कला जाणणारा उरला. तोंपर्यंत ही विद्या घरच्या घरांत, बापाकडून मुलाकडे जात असे. निकोलोनें तो बांध फोडला. परक्या घरचीं मुलें शिकावयास घेतलीं. आंद्रेआ ग्वार्नेरी हा त्यांतलाच एक. पुढें त्याच्या नातवानें स्ट्राडिव्हारीच्या तोडीचीं वाद्यें घडविलीं. स्वतः आंतोनियो स्ट्राडिव्हारीहि आपल्या एका आरंभींच्या वाद्यांत स्वतःस निकोलोचा शिष्य म्हणवितो. साथीच्या त्या वर्षीं कला एका माणसाच्या श्वासावर लोंबकळत होती. त्यानें मुठी उघडली म्हणून ती जगली. आपल्याकडील ज्या घराणेदार गवयांनीं चिजा लपविल्या, आणि ज्यांनीं त्या शिष्यांस मोकळ्या हातानें दिल्या, त्या दोघांच्या हिशेबांत कोणाची बाजू जमेची ठरली, हें निराळें सांगावयास नको.

स्ट्राडिव्हारी १७३७ सालीं नव्वदी ओलांडून वारला. त्यानें सुमारें अकराशें वाद्यें केलीं असावींत. त्यांपैकीं सुमारें साडेसहाशें आज शिल्लक आहेत. तीं शिल्लक राहिलीं तीं मूळ स्थितींत मात्र नव्हेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून संगीत राजवाड्यांतून मोठ्या सभागृहांत आलें, आवाज दूरवर पोंचावा लागला. म्हणून जुन्या व्हायोलिनांच्या माना काढून लांब व मागें कललेल्या नव्या माना बसविण्यांत आल्या, आंतील आधाराची पट्टी जाड करण्यांत आली. जीं वाद्यें बदलावयास तयार झालीं तींच व्यासपीठावर राहिलीं.

याला उलट उदाहरण ऑक्सफर्डच्या व्हायोलिनाचें. ‘मसीहा’ या नांवानें तें ओळखलें जातें. तें स्ट्राडिव्हारीच्या मरणापर्यंत त्याच्याच कारखान्यांत पडून होतें. पुढें तें एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेलें. तारिसियो नांवाचा एक व्यापारी त्याच्या गोष्टी सांगे परंतु तें कोणास दाखवीत नसे. म्हणून, ज्याची सारे वाट पाहतात पण जो कधीं येत नाहीं असा हा मसीहा, अशी थट्टा झाली व तेंच नांव पडलें. अखेर लंडनच्या हिल घराण्यानें, पुढील कारागिरांस नमुना राहावा या हेतूनें, तें ऑक्सफर्डला दिलें. तें जवळजवळ कोरें राहिलें, कारण तें फारसें वाजलेंच नाहीं. दुसरीकडे, ग्वार्नेरीच्या त्या नातवानें १७४३ सालीं केलेलें पागानिनी या महान वादकाचें व्हायोलिन त्यानें मृत्युपत्रानें जेनोवा नगरास दिलें. त्याच्या अंगावरचें रोगण झिजलें आहे, आणि तें आजहि निवडक वादकांच्या हातीं बोलतें. यांत कोणतें खरें जपलें गेलें? न्याय असा कीं दोन्ही हवींत. एकानें माप सांगावें, दुसऱ्यानें सूर सांगावा. परंतु सारींच वाद्यें मसीहा झालीं, तर पुढील पिढीस व्हायोलिन म्हणजे एक सुंदर पेटी एवढेंच ठाऊक राहील. न वाजविलेलें वाद्य झोंपीं जातें, अशी वादकांची समजूत आहे. तिचें शास्त्र कांहींहि असो. वाजविणारा हात फिरत असला म्हणजे सुटलेला सांधा, सैल झालेली खुंटी वेळींच कळते, हें निश्चित. क्रेमोना नगरीनें म्हणूनच आपल्या संग्रहांतील वाद्यें नियमानें वाजवीत राहण्याची योजना केली. आंद्रेआ मोस्कोनी या वादकानें तें काम कित्येक दशकें केलें.

त्याच नगरींत २०१९ सालच्या आरंभीं एक विलक्षण प्रसंग घडला. जुन्या चार वाद्यांचा प्रत्येक सूर ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचें ठरलें. हेतु हा कीं, उद्यां तीं वाद्यें वाजविण्यापलीकडे जीर्ण झालीं तरी त्यांचा आवाज हरवूं नये. सूक्ष्म ध्वनिग्राहकांस बाहेरच्या गाड्यांची घरघर, दगडी रस्त्यावरील टांचांचा खटखटाटहि ऐकूं येई. तेव्हां सुमारें पांच आठवडे संग्रहालयाभोंवतालचे रस्ते वाहनांस बंद करण्यांत आले, आणि नगराध्यक्षानें नागरिकांस शांतता पाळण्याची विनंति केली. एका व्हायोलिनासाठीं एक शहर हळू बोललें. अफिंग्टनचे लोक हातोडा घेऊन टेकडी चढले, एडिंबरोच्या लोकांनीं अकरा महिने वाट पाहिली, क्रेमोनाच्या लोकांनीं आवाज खालीं घेतला. तिघांनींहि केलें तें एकच.

हा विषय इंग्लंड-इटलीचाच राहता तर तो ऐकून विसरण्यासारखा होता. परंतु कोंकणांत रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पुढें गोमंतक येथील जांभ्याच्या सड्यांवर अशाच भूमिचित्रांचा फार मोठा ठेवा उघड्यावर पडला आहे. हत्ती, वाघ, मासे, गेंडे, मनुष्याकृति, आणि अर्थ न लागणाऱ्या चौकोनी रचना कातळांत कोरलेल्या आहेत. राजापूर तालुक्यांतील कशेळीचा हत्ती सुमारें ६० फूट लांब असून त्याच्या पोटांत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. अफिंग्टनच्या घोड्याहून हीं चित्रें बरींच जुनीं असावींत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. तीं मध्याश्मयुगांतील असावींत असें मानतात. कांहीं जागा गांवकऱ्यांस ठाऊक होत्या, कांहींना पांडवांच्या कथाहि चिकटल्या होत्या. परंतु एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व त्यांचे सहकारी यांनीं पायीं हिंडून, गुराख्यांना विचारून त्यांचा पद्धतशीर शोध केला. एक हजाराहून अधिक आकृत्या नोंदल्या गेल्या. २०२२ सालीं त्यांतील नऊ स्थळें युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादींत आलीं.

या चित्रांना घांसण्याची गरज नाहीं, झांकतां तर येत नाहीं. त्यांचा शत्रु गवत नव्हे, ऊन नव्हे. चिरेखाण, रस्ता आणि बांधकाम हे आहेत. जांभा हा घरें बांधावयाचा दगड. कातळावर काय कोरलें आहे हें न पाहतां चिरा काढणाऱ्याचें यंत्र फिरलें, तर दहा हजार वर्षांचा हत्ती एका दुपारीं चार भिंतींत जाऊन बसेल, आणि त्या घरांत राहणाऱ्यासहि तें कळणार नाहीं. म्हणून येथें लागणारी सेवा सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड आहे : ती म्हणजे ओळख. ज्या गांवाच्या सड्यावर चित्र आहे त्या गांवानें तें आपलें म्हणावयास हवें. शाळेंतील मुलांनीं वर्षांतून एक दिवस तेथें जाऊन माती झाडावी, पालापाचोळा काढावा, कडेनें गडग्याचे दगड लावावे, आणि घरून नेलेली शिदोरी सोडावी. अफिंग्टनच्या जत्रेहून याला निराळें कांहीं लागत नाहीं.

कलाकृति पाहून मान डोलविणें सोपें आहे. ती कशामुळें आजवर आपल्यापर्यंत पोंचली हें विचारणें, आणि आपल्या पाळीचें काम उचलणें, हें रसिकतेचें दुसरें अंग होय. टेकडीवरच्या त्या घोड्याचा कर्ता कोणास माहीत नाहीं, आणि त्याला घांसणाऱ्या शंभर पिढ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि कोणास माहीत नाहींत. घोडा मात्र धांवत आहे.